त्रेसष्टच्या त्रेसष्ट

चावीवाल्याचं खरं नाव काय ते फक्त नगरपालिकेच्या कागदावर उरलं होतं. थोरला भाऊ त्याला धाकट्या म्हणे, बायको अहो म्हणे आणि बाकी सगळं गाव चावीवाला म्हणे. खांद्यावर साडेचार फुटांचा लोखंडी दांडा, त्याच्या खालच्या टोकाला चौकोनी तोंड आणि वर आडवी मूठ. रस्त्याकडेच्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, दांडा आत सोडून व्हॉल्व्हवर बसवायचा आणि मूठ फिरवायची, की त्या भागातल्या नळांना पाणी. सकाळी सहाला पहिली चावी आणि साडेनऊला शेवटची. अकरा वर्षांत त्यानं तीन सुट्ट्या घेतल्या होत्या. त्यातली एक मुलीच्या जन्माची, आणि तीही अर्धीच.

नोकरी हंगामी होती. दरवर्षी एका वर्षाचा हुकूम निघायचा, आणि तो निघण्यासाठी गावातल्या वजनदार माणसाचं शिफारसपत्र लागायचं. ते पत्र थोरला भाऊ द्यायचा. दादा रस्त्याच्या कामावर मुकादम होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लोक त्याला मुकादमच म्हणत आणि तोही लोकांशी कामावरच्या गड्यांसारखाच बोलायचा. वरच्या वस्तीत त्याच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. निदान त्याची तरी तशी समजूत होती.

वरची वस्ती आणि खालचा बाजार असे गावाचे दोन भाग, आणि मध्ये चारशे बारा पायऱ्या. गावाचं राजकारण या पायऱ्यांनीच ठरवून टाकलं होतं. वरचे सगळे शिडीवाले आणि खालचे बरेचसे छत्रीवाले. शिडी हे नगरपालिकेच्या अध्यक्षांचं चिन्ह, त्यांच्या वडिलांपासूनचं. वस्तीपर्यंत गाडीरस्ता त्या वडिलांनी आणला, म्हणून वस्ती तीस वर्षं शिडीवर शिक्का मारत आली. कोण कुठला हे ओळखायला मत विचारावं लागत नसे. बाजारात दोन न्हावी होते, एक शिडीवाला आणि एक छत्रीवाला. वरचा माणूस चुकून छत्रीवाल्याच्या खुर्चीत बसलेला दिसला, तर तो पायऱ्या चढून घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची. एकदा वस्तीतल्या शिंप्याला बाजारात ताप भरला आणि तो जवळच्या बाकावर टेकला. बाक छत्रीवाल्या दुकानाचा होता. पुढे महिनाभर त्याला ‘काय, सावलीत बसायची सवय लागली वाटतं?’ हे ऐकावं लागलं.

चावीवाला या सगळ्यात कधी बोलायचा नाही. पण त्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी गावात दुसऱ्या कुणाला तितकी नीट ठाऊक नव्हती. टाकी डोंगरावर, वस्तीच्या डोक्यावर होती. वस्तीला पन्नास मिनिटं पाणी मिळे. मग बाजार, मग उतारावरची घरं आणि सगळ्यात शेवटी ओढ्याच्या पुलापलीकडची सात घरं. तिथली चावी फिरवताना मूठ हलकी लागायची. पाइपात पाणी असलं की मूठ जड लागते, ते त्याच्या तळहाताला कळायचं. त्या सात घरांच्या नळातून आधी हवा यायची, मग करंगळीएवढी धार आणि मग पुन्हा हवा. बायका काही बोलत नसत, नुसत्या त्याच्याकडे बघत. ते बघणं त्याला शिव्यांपेक्षा जड जाई.

एकदा त्यानं दादाकडे विषय काढला होता. “वस्तीची दहा-पंधरा मिनिटं कमी केली, तर पुलापलीकडे...”

“धाकट्या,” दादा म्हणाला, “तू चावी फिरव. डोकं फिरवू नकोस.”

विषय संपला.

या वर्षीच्या निवडणुकीत अध्यक्षांच्या विरोधात छत्रीकडून बाजारातला कंपाउंडर उभा राहिला. बारीक अंगाचा, बोलताना चष्मा पुसणारा माणूस. बाजाराच्या चौकातल्या सभेत त्यानं सरळ सांगितलं, “वरच्यांना पन्नास मिनिटं पाणी आणि पुलापलीकडे घागर भरत नाही. मी आलो तर वरची पंधरा मिनिटं कापणार. राग आला तर येऊ दे.” मतं मागायला उभा राहिलेला माणूस असं बोलतो हे गावानं पहिल्यांदाच ऐकलं. वस्तीत तर भडका उडाला. “आमच्या तोंडचं पाणी पळवणार म्हणे!” शिंपी दारोदार सांगत सुटला. चावीवाला त्या सभेच्या कडेला खांद्यावर दांडा घेऊन उभा होता. पुलापलीकडे घागर भरत नाही, हे वाक्य अकरा वर्षं त्याच्या तळहातात होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला उगाचच कानकोंडं झालं.

त्याच वर्षी वस्तीला स्वतःचं मतदान केंद्र मिळालं. तोवर वस्तीतली माणसं पायऱ्या उतरून बाजारातल्या शाळेत मत द्यायला जात. म्हाताऱ्यांचे गुडघे बोलू लागत. दादानं अर्ज लिहिला आणि सह्या गोळा करायला चावीवाल्याला पाठवलं, कारण तसाही तो रोज प्रत्येक दारावरून जायचा. त्यानं दोन दिवसांत सगळ्या सह्या आणि अंगठे आणले. अर्ज मंजूर झाला, वस्तीच्या बालवाडीच्या खोलीत केंद्र आलं. दादानं त्या दिवशी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. अशी थाप वर्षा-दोन वर्षांतून एकदा पडायची.

मतदानाच्या दिवशी वस्तीनं कमाल केली. यादीत त्रेसष्ट नावं होती आणि दुपारी दोनच्या आत त्रेसष्ट मतं पडली. अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या मावशींना दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. चावीवाला साडेअकराला गेला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभा राहिला. कागदावर वर शिडी होती आणि खाली छत्री. शिडीवर शिक्का मारायचा हे घरून निघताना ठरलेलंच होतं, तीस वर्षांपासून ठरलेलं होतं. पण शिक्का हातात घेतल्यावर त्याला मुठीचा तो हलकेपणा आठवला. तो क्षणभर थांबला आणि छत्रीवर शिक्का मारून, कागदाची नीट चौघडी करून त्यानं तो पेटीत टाकला. बाहेर आला तेव्हा त्याला बरं वाटत होतं. आपल्याला काय ठाऊक आहे ते एकदा कुणाला तरी सांगितलं, आणि कुणाला कळलंही नाही, असं काहीसं ते बरं वाटणं होतं.

ते जेमतेम अर्धा तास टिकलं.

दादा बालवाडीसमोरच्या कठड्यावर बसला होता. हातात यादी, कानावर पेन्सिल. “ये, बस,” तो म्हणाला. “आता बघ गंमत. इतकी वर्षं आपली मतं बाजारातल्या पेटीत मिसळायची. आपण म्हणायचो, आमची सगळी शिडीला, आणि खालचे हसायचे. आता केंद्र वेगळं म्हणजे पेटी वेगळी, आणि पेटी वेगळी म्हणजे आकडा वेगळा. कचेरीबाहेरच्या फळ्यावर आपल्या केंद्रासमोर लिहिलं जाईल. त्रेसष्टच्या त्रेसष्ट! मी अध्यक्षांना शब्द दिलाय.”

चावीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. सह्या त्यानं स्वतः आणल्या होत्या. प्रत्येक दारात उभं राहून ‘म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसाठी’ असं त्यानंच सांगितलं होतं. अर्जात जे मागितलं होतं त्याचा हा अर्थ त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. बासष्ट आणि एक. तो आकडा त्याला फळ्यावर खडूनं लिहिलेला दिसला.

“काय रे, घाम का फुटला तुला?”

“ऊन लागतंय दादा.”

आभाळ भरून आलेलं होतं. दादानं वर पाहिलं आणि पुन्हा यादीत डोकं घातलं.

मोजणी तीन दिवसांनी होती. त्या तीन दिवसांत चावीवाल्यानं मनात पुष्कळ हिशेब मांडले. एक मत फुटलंय म्हटल्यावर संशय कुणावर जाईल? शिंप्यावर, त्या बाकामुळे. बिचाऱ्याचा काही दोष नसताना त्याला वाळीत टाकतील. मग आपल्याला गप्प बसवेल का? आणि बोललो तर दादाचं पत्र नाही, पत्र नाही तर हुकूम नाही, आणि हुकूम नाही तर अकरा वर्षांचा चावीवाला पन्नाशीला टेकलेला असताना काय करणार? हुकमाची मुदत महिनाअखेरीला संपत होती. रोज पहाटे तो त्याच विचारात घरातून निघायचा आणि दुपारी त्याच विचारात जेवायला बसायचा. दुसऱ्या दिवशी तर वस्तीची चावी बंद करायचीच विसरला. पन्नासच्या जागी सव्वा तास पाणी आलं, भांडी भरून गल्लीतून ओहोळ वाहिले.

“काय चावीवाले, विजयाचं पाणी आत्ताच सोडलंत?” शिंपी पायजमा वर धरून ओरडला. सगळे हसले. चावीवालाही हसला, आणि खाली पुलापलीकडे त्या दिवशी थेंब आला नाही.

बायकोनं ताटातला भात तसाच उरलेला पाहिला. “अहो, पोट दुखतंय का?”

“नाही.”

“दाढ?”

“नाही गं.”

“मग दुखतंय काय ते मला शोधायला लावू नका. माझ्याकडे तेवढा वेळ नाही.”

 तिनं ताट उचललं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, आणि तो विचारणार एवढ्यात आत गेली.

मोजणीच्या दिवशी दादा सकाळीच बाजारात उतरला. इस्त्रीचा सदरा, नव्या वहाणा. चावीवाल्याचं काम बाजारातच होतं, टाळायची सोय नव्हती. अध्यक्ष जिंकले, एकशेबारा मतांनी. गर्दीनं आरडाओरड केली. मग कारकून फळ्याजवळ आला आणि केंद्रवार आकडे लिहू लागला. वस्तीच्या केंद्राचा नंबर सात होता. चावीवाल्यानं डोळे मिटून घेतले. शेजारी कुणीतरी मोठ्यानं वाचलं.

“केंद्र सात. शिडी एकोणचाळीस. छत्री चोवीस.”

त्यानं डोळे उघडले. चोवीस. चुकून दुसऱ्याच केंद्राचा आकडा इथं पडलाय असं त्याला वाटलं. कारकुनानं मागे सरकून आपलंच अक्षर पाहिलं आणि खडू ठेवला. छत्रीवाला न्हावी दुकानाच्या दारातून ओरडला, “मुकादम, त्रेसष्टातून चोवीस गेले, किती उरले हो?” खालचा सगळा बाजार हसला. दादा फळ्यासमोर उभाच होता. मग तो वळला आणि चारशे बारा पायऱ्या कुठेही न थांबता चढला.

चावीवाल्याला वाटलं होतं की इतकी माणसं आपल्यासारखी निघाली म्हटल्यावर आपला जीव भांड्यात पडेल. पण तसं झालं नाही. वस्तीत त्या संध्याकाळपासून सगळे एकमेकांकडे भीतभीत बघू लागले. पूर्वी नळावर ज्या बायका गळ्यात गळे घालून बोलत, त्या घागर भरेपर्यंत घागरीकडेच बघत राहिल्या. प्रत्येक घरात कुणीतरी होतं, आणि कुठल्याच घरात कुणी नव्हतं. त्या रात्री घरी आल्यावर त्यानं बायकोला हळूच विचारलं, “तुला काय वाटतं, कोण असतील?”

“तेवीस मला ठाऊक नाहीत,” ती भाजी निवडत म्हणाली.

“चोवीस.”

“तेच ते. बाकीचे तेवीस.” तिनं वर पाहिलं नाही. “आता यावर अजून काही विचाराल तर बघा.”

त्याला हसावं की डोकं धरून बसावं ते कळेना. म्हणजे एकाच छपराखाली दोन.

दुसऱ्या दिवसापासून दादा यादी घेऊन घरोघर फिरू लागला. दारात उभं राहायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. प्रत्येक जण शपथेवर सांगे, शिडी. शिंप्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. थोरल्या मावशी अंथरुणातून म्हणाल्या, “मला खुर्चीतून नेलंत आणि वर मलाच विचारता?” दादा प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण करी. चौथ्या दिवशी दुपारी तो धाकट्याच्या दारात आला. यादीवर एकसष्ट खुणा झाल्या होत्या. एकोणचाळीस मतं आणि एकसष्ट खुणा.

“तुम्हा दोघांचंच राहिलंय,” दादा म्हणाला. आवाज बसला होता, डोळे आत गेले होते. “घरचेच आहात, विचारायचंही काही नाही. तरी रीत म्हणून विचारतो. शिडी ना?”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. चावीवाल्यानं ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. एकसष्टांनी म्हटलं, आपण म्हटलं तर कुठे बिघडतंय? पण दादाच्या हातातल्या त्या कागदाकडे बघून त्याला कसंसंच झालं. चार दिवस एकेकानं खोटं सांगावं आणि या माणसानं ते लिहून घेत फिरावं.

“नाही दादा,” तो म्हणाला. “मी छत्रीला दिलं.”

“तू?”

“हो. आणि हिचं मला विचारू नकोस, ती आत आहे.”

दादानं पेन्सिल कानावर ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. “कशासाठी?”

“तू म्हणालास चावी फिरव, डोकं फिरवू नकोस. मी चावीच फिरवतो. पण पाणी कुठपर्यंत जातं ते चावी फिरवणाऱ्याला कळतं ना रे.”

दादा यादीची घडी करून निघून गेला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या वस्तीला कळली होती, कारण शिंप्याचं दार समोरच होतं. आणि मग एक विलक्षण प्रकार झाला. चार दिवस मान खाली घालून वावरणारी माणसं एकदम मोकळी झाली. नळावर पुन्हा बोलणं सुरू झालं. “चावीवाल्यानं फोडली मतं!” “घरभेदी निघाला!” “मुकादमाच्या पाठीत सख्ख्या भावानं...” जो तो आपापल्या अंगावरचं ओझं उतरवून त्याच्या खांद्यावर ठेवत होता. सगळ्यात मोठ्यानं शिंपी बोलत होता. चोवीसच्या चोवीस मतं एका माणसाच्या नावावर जमा झाली.

रविवारी बालवाडीच्या खोलीत बैठक बसली. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. चावीवाला दाराशी उभा राहिला. बसायला कुणी सांगितलं नाही.

“अध्यक्षांना कळवून टाकू,” शिंपी म्हणाला. “कुणी दगा दिला ते नावानिशी कळवू. महिनाअखेर आलीच आहे. वस्तीला दुसरा चावीवाला मिळेल.”

“बरोबर आहे,” तिघे-चौघे म्हणाले.

दादा पुढच्या बाकावर होता. त्यानं खिशातून यादी काढली, मांडीवर पसरली आणि बोटानं खुणा पुन्हा मोजल्या. मग उठला.

“मी रस्त्यावर हजेरी घेतली एकतीस वर्षं,” तो म्हणाला. “ह्याच्यात बासष्ट खुणा आहेत. ह्याच्या बायकोचंही शिडी लिहिलंय, मी न विचारता. फळ्यावर एकोणचाळीस आहेत. मला एक सांगा. हा माझा भाऊ आडोशामागे एकदा गेला, एक कागद घेऊन. त्याच्या हाताला चोवीस बोटं आहेत का?”

 शिंपी आपल्या नखांकडे बघू लागला.

“तेवीस जण इथं बसलेत,” दादा म्हणाला. “किंवा घरी झोपलेत. मला नावं नकोत. पण पत्र पाठवायचं असेल तर चोवीस नावांचं पाठवा, नाहीतर पाठवू नका.”

एवढं बोलून तो बाहेर पडला. धाकट्याच्या अंगाला अंग घासून गेला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. चावीवाला मागून चालत राहिला. चार हातांचं अंतर ठेवून. घराच्या वळणावर दादा मागे न बघता म्हणाला, “मी तुझ्यावर खूश आहे असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“अध्यक्षांना तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस.”

“हो दादा.”

पुढे पंधरा दिवस दोघांत बोलणं नव्हतं. महिन्याचा शेवटचा आठवडा लागला. कारकून दोनदा म्हणाला, पत्र आणा, नाहीतर फाइल पुढे जाणार नाही. चावीवाला दादाच्या दारापर्यंत तीनदा गेला आणि तीनदा कडीला हात न लावता परत आला. शुक्रवारी सकाळी दाराखालून एक लिफाफा आत सरकवलेला सापडला. पत्र जुनंच होतं, दरवर्षीच्या मजकुराचं, फक्त तारीख बदललेली. ‘सदर इसम माझा धाकटा भाऊ असून कष्टाळू, विश्वासू व आमच्या गटाचा आहे.’ त्यातल्या ‘व आमच्या गटाचा’ या शब्दांवर जाड रेघ मारली होती. दोनदा. खाली सही.

चावीवाला ते पत्र बराच वेळ वाचत राहिला. विश्वासू राहिलं होतं. बायकोनं खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाली, “जा लवकर, मन बदलायच्या आत देऊन या.”

साडेनऊची चावी झाल्यावर तो कचेरीत गेला. कारकुनानं पत्र उजेडात धरलं, रेघ पाहिली, पुन्हा पाहिली आणि तो चुकचुकला.

“हे चालणार नाही.”

“का हो?”

“खाडाखोड आहे. खोडलेल्या जागी सही लागते, लिहिणाऱ्याची. नाहीतर उद्या कुणीही म्हणेल, तुम्हीच खोडलं.” त्यानं पेन्सिलीनं रेघेशेजारी छोटी फुली केली. “इथं. मुकादमांकडून घेऊन या. पाचच्या आत आलात तर आजच्या टपालात घालतो. उद्यापासून अध्यक्षसाहेब दौऱ्यावर आहेत.”

“आणि त्यांनी नाही केली सही तर?”

“मग नवं पत्र आणा. खाडाखोड नसलेलं, सगळा मजकूर असलेलं. तसं आणलंत तर कुणी काही विचारणार नाही.” कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. “तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते.”

त्याला कळत होतं. नवं पत्र म्हणजे ते शब्द परत आले. आणि ही सही म्हणजे दादानं ते शब्द स्वतःच्या हातानं खोडल्याचं अध्यक्षांच्या टेबलावर लेखी. दाराखालून लिफाफा सरकवणं निराळं, आणि समोर बसून, डोळ्यांदेखत, त्या रेघेपाशी पुन्हा नाव लिहिणं निराळं.

त्यानं पत्राची घडी सदऱ्याच्या खिशात ठेवली, वर हात दाबून धरला आणि पायऱ्या चढायला लागला. अर्ध्यावर पोचला तेव्हा वरून शिंपी कापडाचं बोचकं घेऊन उतरत होता. तो बाजूला झाला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, “मुकादम घरी आहेत. अंगणात बसलेत. आज जरा बरे दिसतायत.”

चावीवाल्यानं मान हलवली. पेन विसरलं होतं हे त्याला तेव्हा आठवलं. शिंप्यानं कानामागची पेन्सिल पुढे केली.

“पेन्सिल नाही चालणार,” चावीवाला म्हणाला. “शाई लागते.”

“मग थांबा,” म्हणून शिंपी बोचकं पायरीवर ठेवून खिसे चाचपू लागला.